वाफ बाहेरच भरपूर आहे, ताई

प्रश्न : डॉक्टर, माझे वय ४४. गोव्यात सत्तरी तालुक्यात आमचे जुने कौलारू घर आहे. घरात सासू-सासरे, नवरा, दोन मुले. धाकट्याच्या बाळंतपणानंतर मला दमा असल्याचे कळले. थंडीत एक वेळ ठीक असते, पण एप्रिल लागला की जीव नकोसा होतो. नुसत्या उन्हाचे काही वाटत नाही; दुपारी आभाळ भरून येते, माडाचे पान हलत नाही, अंग चिकचिकते आणि छातीवर कोणी बसल्यासारखे होते. मला दोन पंप दिलेत, निळा आणि तपकिरी. निळ्याने लगेच बरे वाटते. तपकिरी घेऊन काहीच कळत नाही, शिवाय त्यात स्टिरॉइड आहे असे जाऊबाई म्हणाल्या, म्हणून तो फडताळात ठेवून दिला. या दिवसांत निळा पंप महिन्याला एक संपतो. सासूबाई रोज रात्री वाफ घ्यायला लावतात, त्याने आणखीच घुसमटते, पण त्यांना सांगवत नाही. बेळगावला बहिणीकडे गेले की दोन दिवसांत मोकळे वाटते. तिथल्या हवेत ऑक्सिजन जास्त असेल का? नवरा म्हणतो एसी बसवू. दीर म्हणतात, मिरगाला हैदराबादला जाऊन दम्याचा मासा, औषध घातलेला जिवंत, गिळून ये. काय करू?
ता. क. मे महिन्यात म्हार्दोळला भाच्याचे लग्न आहे. जाऊ की नको?
— घुसमटलेली, सत्तरी

उत्तर :

ताई,

उकाड्याबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलेत आणि मला ज्याची काळजी वाटली ती गोष्ट एका ओळीत उरकलीत. निळा पंप महिन्याला एक संपतो. त्या डब्यात बहुधा २०० फवारे असतात. म्हणजे दिवसाला सहा-सात झाले. आमचा साधा हिशेब असा असतो की निळा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा घ्यावा लागला तर दमा आटोक्यात नाही. वर्षाला तीन किंवा जास्त डबे लागणाऱ्याला जोराचा झटका येण्याची शक्यता वाढते, आणि वर्षभर महिन्याला एक डबा संपवणाऱ्याच्या जिवालाच धोका वाढतो. तुमचे एप्रिल-मे या दोन महिन्यांतच दोन डबे होतात. थोडे घाबरलात तर बरेच आहे, कारण हे पत्र वाचून झाल्यावर पहिले काम वाळपईच्या आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाण्याचे आहे. याच आठवड्यात. जाताना दोन्ही पंप पिशवीत घालून न्या आणि ते कसे ओढता ते डॉक्टरांसमोर करून दाखवा. तीस वर्षांत मी जेवढे दमेकरी पाहिले त्यांतले निम्मेअधिक पंप चुकीचा ओढत होते, आणि त्यात शाळामास्तरही होते.

आता त्या तपकिरी पंपाकडे येऊ. तुम्ही कौलारू घरात राहता म्हणून तुम्हाला हे चटकन कळेल. निळा पंप म्हणजे गळणाऱ्या कौलाखाली बालदी ठेवणे. ठेवली की लगेच बरे वाटते, जमीन भिजायची थांबते. तपकिरी पंप म्हणजे पावसाआधी छपरावर माणूस चढवून फुटकी कौले बदलणे. ज्या दिवशी कौले बदलतो त्या दिवशी काहीच वाटत नाही, कारण पाऊसच नसतो! दम्यात श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात आणि त्यांच्या भोवतीचे स्नायू आवळलेले असतात. निळा पंप स्नायू सैल करतो, मिनिटांत करतो, आणि चार-सहा तासांत त्याचे काम संपते. सूज तशीच राहते. ती उतरवतो तपकिरी, आणि त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तुम्ही गेली किती वर्षे बालदीवर संसार चालवताय ते पाहा.

जाऊबाईंचे म्हणणे खरे आहे, त्यात स्टिरॉइड असते. पण किती असते ते कोणी सांगत नाही. तुमच्यासारख्यांना साधारण दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमच्या आसपास दिले जाते. जोराचा झटका आला की आम्ही स्टिरॉइडच्या गोळ्या देतो, दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत, पाच-सात दिवस. नुसते वजन धरले तर गोळ्यांचा एक दिवस म्हणजे पंपाचे शंभर दिवस. औषधे वेगवेगळी असल्याने ही तुलना तंतोतंत नव्हे, पण अंदाज येईल. पंपातले औषध थेट नळ्यांत जाते, गोळीतले सगळ्या अंगभर फिरते. म्हणजे स्टिरॉइड टाळायचे म्हणून पंप सोडलेला माणूस शेवटी शंभरपट स्टिरॉइड खाऊन बसतो. पंप ओढल्यावर खळखळून चूळ भरून थुंका; नाहीतर तोंडात पांढरा थर येतो, आवाज बसतो. आणि 'पंप एकदा लागला की सुटत नाही' ही आपल्याकडची लाडकी म्हण आहे. चष्माही सुटत नाही, त्याला कोणी व्यसन म्हणत नाही.

आणखी एक. दम्याच्या जागतिक मार्गदर्शनात २०१९ साली मोठा बदल झाला : मोठ्या माणसाला नुसता निळा पंप देऊन सोडू नये, सूज उतरवणारे औषध सोबत हवेच. दोन्ही औषधे एकत्र असलेला पंपही मिळतो. तोच रोज घ्यायचा आणि धाप लागली तरी तोच ओढायचा, अशीही पद्धत आहे. तुमच्यासाठी ते सोयीचे पडेल असे मला वाटते, पण ठरवायचे तुमच्या डॉक्टरांनी. रंगांवर मात्र फार विसंबू नका, कंपनीगणिक रंग बदलतो. चिठ्ठीवरचे नाव वाचा.

आता उकाडा. तो तुमच्या मनाचा खेळ नाही. अमेरिकेत २०१२ साली छापून आलेला एक प्रयोग आहे. सौम्य दमा असलेल्या लोकांना चार मिनिटे ४९ अंशांची दमट हवा ओढायला लावली. त्यांच्या नळ्या आकसल्या आणि खोकला लागला. दमा नसलेल्यांना तोच प्रकार फारसा जाणवला नाही. आणि आधी नळ्या सैल करणारे एक औषध दिले तेव्हा दमेकऱ्यांनाही त्रास झाला नाही. म्हणजे नळ्यांतल्या नसा उष्ण दमट हवेने चाळवतात आणि स्नायूंना आवळायचा हुकूम देतात. आपल्या मे महिन्यात हवा ४९ अंशांवर जात नाही, पण आभाळ भरलेल्या दुपारी घामही सुकत नाही, शरीर तापते, श्वास जोरात चालतो. वारा पडलेला असतो, त्यामुळे धूर, धूळ, गाड्यांचा वास सगळे डोक्याच्या उंचीवरच तरंगत राहते. सुजलेल्या नळ्यांना एवढे पुरते.

तो प्रयोग वाचून मला पहिली आठवण कुणाची झाली असेल? तुमच्या सासूबाईंची. ४९ अंशांची दमट हवा, चार मिनिटे! डोक्यावर टॉवेल घेऊन टोपावर वाकले की दुसरे काय होते? चोंदलेले नाक वाफेने थोडा वेळ मोकळे होते हे खरे, म्हणून आपल्या आयांचा तिच्यावर एवढा विश्वास. पण दम्याचा आणि तिचा संबंध नाही, उलट तुमच्यासारखीला ती घुसमटवते आणि वर चटका बसण्याची भीती. तुमचे शरीर रोज रात्री हेच सांगत होते. सासूबाईंना सांगवत नसेल तर माझे नाव सांगा : डॉक्टर म्हणाले, मे महिन्यात सत्तरीत वाफ बाहेरच भरपूर आहे, आणखी घेऊ नये.

याच कारणाने तुमच्या न्हाणीबद्दलही मला शंका आहे. पत्रात तुम्ही लिहिले नाहीत, पण जुन्या घरात भाण, म्हणजे आंघोळीचे पाणी तापवायचे मोठे भांडे, असणार आणि त्याखाली नारळाची सोडणे आणि माडाची सुकी चुडते पेटवत असणार. बंद न्हाणीत वाफ आणि धूर दोन्ही एकदम. भाण पेटवण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या. तुम्ही आग विझल्यावर जा, पाणी कोमट ठेवा, दार किलकिले किंवा खिडकी उघडी. या दिवसांत गार पाण्याने आंघोळ केली म्हणून दमा होत नाही.

बेळगावचा प्रश्न मला फार आवडला. तिथे ऑक्सिजन जास्त नाही, किंचित कमीच आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचावर आहे, आणि उंचावर हवा विरळ होते. तरी तिथे मोकळे वाटते, कारण तिथली हवा कोरडी, रात्री गार, आणि बहिणीच्या घरी कोणी तुमच्यासमोर मिरच्या भाजत नसावे! ज्यांना दमट हवेत 'हवेत प्राणच नाही' असे वाटते त्यांना मी हेच सांगतो : प्राण आहे, तुमच्या नळ्यांची दारे अरुंद झालीत. तेव्हा बहिणीकडे आठ-दहा दिवस जा, माहेरपण म्हणून जा. दोन महिने राहून चोर्ला घाटातून परत उतरलात आणि तपकिरी पंप फडताळातच असला, तर केरी येईपर्यंत निळा पंप शोधायला लागाल.

घरात बसून काय करायचे? आपला एप्रिल-मे हा नुसता उन्हाळा नसतो, तो पावसाळ्याच्या तयारीचा मोसम असतो, आणि त्यातली अर्धी कामे दमेकऱ्याच्या मुळावर येतात. काजूच्या भट्ट्या पेटलेल्या. बिया भाजताना टरफलातले तेल जळते, त्याचा धूर तर निरोगी माणसाचेही डोळे झोंबवतो. पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची म्हणून मिरच्या वाळवणे, भाजणे, कांडणे. मिरगापूर्वी कौले परतणे, म्हणजे वर्षभराची धूळ, कोळिष्टके आणि उंदरांची लेंडी थेट डोक्यावर. परसातला पाचोळा जाळणे. या सगळ्यातून तुम्ही बाजूला व्हायचे आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. कौले परततील त्या दिवशी सकाळीच शेजारी जा आणि झाडलोट होऊन धूळ बसल्यावर या. धूळ बसायला एक रात्र तरी द्या. मसाला भाजायचा तर अंगणात, वाऱ्याने धूर घरात येणार नाही अशा बाजूला, आणि भाजणारी तुम्ही नको. पाचोळा खड्ड्यात टाकला तर पावसात कुजून माडाला खत होईल. डासांची कॉइल मात्र आजच बंद करा. एका कॉइलच्या धुरात ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात असे मोजून पाहिलेले आहे. मच्छरदाणी लावा, आपल्या आजीने लावली तशी.

उन्हाचा एक फायदा मात्र घ्या. आपल्या दमट हवेत गादी-उशीत धुळीतले किडे मजेत वाढतात, डोळ्यांना न दिसणारे. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की ते सुकून मरतात, पण आपल्याकडे ती तेवढी खाली क्वचितच जाते. त्यामुळे गाद्या, उश्या, गोधड्या पाऊस लागण्यापूर्वी कडक उन्हात पालथ्या-उलट्या करून वाळवा, चादरी-अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा. झटकण्याचे काम नवऱ्याला द्या. जून लागला की भिंतीवर, कपाटात, चपलांवरही बुरशी धरते. ती दिसली की ओल्या फडक्याने पुसायची, कोरड्या झाडूने उडवायची नाही.

एसी? घेतलात तर चालेल, घेतला नाहीत तरी दमा आटोक्यात येतो. कौलारू घरात माळा नसेल तर गार हवा छपरातून निघून जाते आणि बिल तेवढे राहते. एक खोली खाली छत घालून बंद करता येत असेल तर जरूर बसवा, कारण एसी हवा गार करताना तिच्यातले पाणीही काढतो आणि तुमची दुपार सुसह्य होईल. २५-२६ अंशांवर ठेवा. १८ वर ठेवून तिथून एकदम अंगणात यायचे, हे नको. गार कोरड्या हवेचा झटकाही नळ्यांना चालत नाही. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. न धुतलेला एसी म्हणजे बुरशी उडवणारा पंखा. पैसे एसीवर घालायचे की आधी डॉक्टरांकडे जायचे, एवढाच प्रश्न असेल तर आधी डॉक्टर.

पंप कुठे ठेवता? हे मी विचारतो कारण एकदा मी स्वतः फसलोय. मलाही लहानपणापासून दमा आहे. एका मे महिन्यात मडगावला गेलो असताना पंप गाडीत समोर काचेखाली राहिला. चार तासांनी परत आलो तेव्हा डबा हातात धरवत नव्हता. शहाण्या माणसाने तिथेच टाकून दिला असता. मी गार होऊ दिला आणि रात्री घेतला. फवारा आला, धाप काही कमी होईना, आणि बायकोने मध्यरात्री शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. दाबाखालचा डबा आहे तो, ३० अंशांच्या वर ठेवू नये असे बहुतेकांवर लिहिलेले असते, आणि उन्हातल्या बंद गाडीत किती अंश होतात ते सांगायला नको. फ्रिजमध्येही ठेवू नका. खोलीतली सावलीची जागा, चुलीपासून लांब, बस. तुमचा पंप कॅप्सूल घालून ओढायचा असेल तर दमट हवा त्याचा खरा शत्रू. कॅप्सूल उघड्या राहिल्या की मऊ पडतात, आतली भुकटी चिकटते आणि ओढली तरी नीट बाहेर येत नाही. बाटलीचे बूच घट्ट, ओढायच्या क्षणीच एक काढायची, न्हाणीत कधीच ठेवायची नाही, आणि यंत्रात श्वास सोडायचा नाही, कारण आपला श्वासही दमटच असतो. डब्याचा पंप असेल तर स्पेसर मागून घ्या, प्लॅस्टिकची ती लांबट नळी. हाताची आणि श्वासाची वेळ जुळवण्याची कटकट जाते. तो साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि न पुसता तसाच वाळू द्यायचा. फडक्याने घासला की आत विजेचा भार तयार होतो आणि औषध भिंतीला चिकटते.

उन्हाने डोके दुखते म्हणून गाड्यावरची कुठलीही गोळी घेऊ नका. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी काही दमेकऱ्यांची धाप एकदम वाढते. पॅरासिटामॉल साधारण सुरक्षित. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तर चुकूनही नको. सोलकढी, पाणी, कोकम हवे तेवढे प्या. त्याने दमा जात नाही, पण घामाने सुकलेल्या अंगात कफ चिकट होतो तो होणार नाही. केळे, दही, आंबा यांवर बंदी घालणाऱ्यांना सांगा की डॉक्टरांनी परवानगी दिली. स्वतःला कशाने त्रास होतो हे तुमच्या लक्षात आले असेल तर तेवढेच सोडा.

हैदराबादचा मासा : तो गिळून दमा बरा होतो याला पुरावा नाही. आणि मिरगाच्या गर्दीत, उकाड्यात, निळ्या पंपावर जगणाऱ्या माणसाने तासन्‌तास रांगेत उभे राहणे मला मुळीच पसंत नाही. दिरांना घरी मोरी माशाचे सुके आणायला सांगा, तो मासा तुम्ही चावून खा.

आता जे लिहितो ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ-नखे निळसर दिसत असतील, छातीच्या फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, किंवा निळा पंप घेऊनही उतार पडत नसेल, तर ताठ बसा, झोपू नका. स्पेसरमधून निळ्याचा एकेक फवारा, अर्ध्या-एक मिनिटाच्या अंतराने, दहापर्यंत. आणि हे चालू असतानाच कोणीतरी १०८ लावायचा. तुमच्या गावाहून बांबोळीचे मोठे सरकारी इस्पितळ लांब आहे, म्हणून 'थोडे पाहू, सकाळी जाऊ' हे तुमच्या घरात चालायचे नाही. छाती अगदी शांत झाली, घरघर थांबली आणि तरी माणूस थकत चालला, तर ते बरे होणे नसते. हवाच आतबाहेर होत नसते.

डॉक्टरांना दोन गोष्टी मागा. एक, कागदावर लिहून दिलेला बेत : रोज काय, त्रास वाढला तर काय, कधी धावत यायचे. दुसरी, पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकून आकडा दाखवणारी नळी. बरे असताना तुमचा सगळ्यात चांगला आकडा लिहून ठेवा. नंतरचा आकडा त्याच्या ८० टक्क्यांच्या खाली आला की सावध, ५० च्या खाली आला की दवाखाना. आणि पुढच्या वर्षी शिगम्याआधीच भेटायला जा, काजू पिकण्याची वाट पाहू नका.

लग्नाला जरूर जा. तपकिरी पंप आजपासून सुरू केलात तर तोवर काही आठवडे मिळतील आणि नळ्या बऱ्याच निवलेल्या असतील. होमाजवळ बसण्याचा मान कोणा दुसऱ्या आत्याला द्या, तुम्ही दाराशी, वाऱ्याच्या बाजूला बसा. रेशमी साडी नेसणार असाल तर ती आदल्या दिवशी उन्हात टाकून घ्या, वर्षभर ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत असेल. आणि निळा पंप गाडीत नाही, नवऱ्याच्या खिशात नाही, तुमच्या स्वतःच्या पर्समध्ये.